मी साच्यातून अखंड निघालो

आमचं साम्राज्य स्थापन झालं तेव्हा गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं, आणि बुडालं तेव्हा ते अजून पिवळंही पडलं नव्हतं. मधल्या काळात सम्राट मी होतो. ही फुशारकी नाही. त्या दिवसांत पिवळ्या नदीच्या वळणावर इतके सम्राट झाले की मेंढ्या हाकताना एखादा पायात यायचा.

माझं नाव शिबेन, हुरो टोळीतला. बाप लढाईत गेला, आई माझ्या जन्माच्या वेळी गेली, तेव्हा सुरुवातीपासूनच मी कोणाच्या फार उपयोगी पडलो असं म्हणता येणार नाही. मला वाढवलं तुलानकाकूनं. तिचा नवरा मोहुबा, म्हणजे माझा काका, टोळीचा नायक. त्या दोघांना एकच मुलगा, येगान. तो दुधाचे दात पाडत होता तेव्हा पूर्वेच्या सम्राटानं त्याला ओलीस म्हणून मागून नेलं. आमच्याकडे शेजारधर्म असाच असतो. तुमचा मुलगा आमच्याकडे जेवतो, म्हणून तुम्ही आमच्या मेंढ्या पळवत नाही. पळवल्यात तर मुलगा जेवायचा थांबतो.

आमच्यात पुरुषही वेणी घालतात. लहानपणी आई घालून देते, लग्नानंतर बायको. माझी मी घालतो, आणि ती तशी दिसते. येगान निघाला त्या सकाळी काकूनं त्याची वेणी घातली, तांबड्या लोकरीचा धागा तिच्यात गुंफला, आणि एवढ्या घट्ट आवळली की पोराच्या भुवया वर गेल्या. पूर्वेकडे जाईपर्यंत तो सगळ्या जगाकडे आश्चर्यानं बघत असणार.

मग काकानं तटबंदीचं गाव जिंकलं. जिंकलं म्हणजे गावातली फौज आधीच पळाली होती आणि वेशीचं दार उघडं होतं. काका आत गेला आणि दार लावून घेतलं. आत भरपूर राळे मिळाले, दोन ओतारी भाऊ मिळाले, आणि दू नावाचा एक कारभारी मिळाला. राळे संपले. दू संपेना.

दू आधी तीन राजांच्या पदरी होता. तिघेही मेले होते, आणि हे तो अनुभव म्हणून सांगायचा. त्यानं काकाला समजावलं की तट असलेल्या माणसानं नायक म्हणवून घेणं बरं दिसत नाही. आजूबाजूला ज्यांच्याकडे तुमच्याहून कमी घोडे आहेत तेही सम्राट आहेत. मग राज्याचं नाव ठरवायला बसले. यान हे नाव तिघांनी वापरून झालं होतं, ल्यांग नावासाठी पश्चिमेला दोघे त्याच क्षणी एकमेकांची गावं जाळत होते. चांगलं असं एकही नाव शिल्लक नव्हतं. शेवटी दू म्हणाला, महाहुरो म्हणू. आम्ही सगळे मिळून पाचशे तंबू. पण काका ते नाव तोंडात घोळवत राहिला, मटणाच्या हाडासारखं.

सम्राट व्हायचं तर आकाशाला विचारावं लागतं, आणि आमच्यात विचारायची रीत एकच. ज्याला व्हायचंय त्यानं स्वतःच्या हातानं आपला सोन्याचा पुतळा ओतायचा. मेणाचा पुतळा करतात, त्यावर माती थापून भाजतात, मेण वितळून निघून जातं, आत पोकळ माणूस राहतो. त्या पोकळीत सोनं ओतायचं. साचा फोडल्यावर पुतळा अखंड निघाला तर आकाशाचा होकार. नाक नाही आलं, कान नाही आला, तरी घरी जायचं. फसवाफसवी चालत नाही, कारण साचा सगळ्या टोळीसमोर फोडतात.

काकानं हे जाहीर केलं तेव्हा काकू घोडीचं दूध काढत होती. मी शिंगरू धरून उभा होतो. ती माझी कायमची नेमणूक होती, कारण घोड्यावर मला कोणी बसू देत नसे.

"पुतळा निघाला तर पूर्वेला दूत जाणार," काकू म्हणाली. "आम्ही आता तुमचे मांडलिक नाही असं सांगायला."

"जाणारच," काका म्हणाला.

"आणि दूत पोचला त्या दिवशी ते आपल्या येगूला मारणार."

काका थोडा वेळ घोडीकडे बघत राहिला. घोडीनंही मदत केली नाही. "मुलगे आणखी होतील," तो म्हणाला.

"कोणाला?" काकूनं विचारलं, आणि बादली उचलून निघून गेली.

सोनं गोळा झालं. बायकांची कर्णफुलं, पट्ट्यांवरची हरणं, मेलेल्यांच्या तोंडात ठेवलेले तुकडे. हे शेवटचे परत मागताना जरा अवघड वाटलं, पण मेलेल्यांनी कुरकुर केली नाही. मोठ्या फाननं, म्हणजे थोरल्या ओताऱ्यानं, काकाचा मेणाचा पुतळा केला, वीतभर उंच, प्रत्यक्षापेक्षा पोट कमी. माती थापली, भाजली, साचा तयार झाला.

ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी साचा चुलीशेजारी ठेवतात, आणि ज्याचा पुतळा असेल त्याच्या घरच्या बाईनं चुलीला आंबवलेलं दूध वाहायचं असतं. बाकी सगळे बाहेर. काकू कातडी बुधला घेऊन आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. बुधला रिकामा होता. चुलीला पळीभर पुरतं. मी तंबूच्या फटीला डोळा लावून बसलो होतो, कारण मला कुठे न बघायला सांगितलं की तिथेच माझं काम असतं. साच्याच्या वरच्या तोंडातून काकूनं दूध आत ओतलं होतं, सावकाश, तान्ह्याला पाजावं तसं. मग हलवून हलवून उरलेलं काढून टाकलं. ओल्या साच्यात तापलेलं सोनं टिकत नाही, एवढं मलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी काकानं स्वतः मूस उचलली. वितळलेलं सोनं त्यानं बारीक धारेनं सोडलं, पूर्वजांना मद्य वाहतात तसं, मध्ये थांबत, नावं घेत. मोठा फान शेजारून काहीतरी पुटपुटायला लागला, तर काकानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो गप्प झाला. साच्यातून फस्स आवाज आला. माती फुटली. आत काका कमरेपर्यंत होता. खालची बाजू. पाय सुरेख आले होते, बुटांच्या शिवणीसुद्धा.

कोणी हसलं नाही. मला हसू आलं, पण मी ते खोकल्यात घातलं.

दोष ओताऱ्याचा, आकाशाचा नाही, असं ठरवून काकानं मोठ्या फानला विहिरीत टाकलं. राग नव्हता, पद्धत म्हणून. धाकटा फान काठावर उभा राहून आत काहीतरी सांगत राहिला, आतून काही वेळ उत्तरं आली, मग नाही आली. त्या दिवशी काकू जेवली नाही. मी तिच्यापुढे राळ्याची पेज ठेवली तर तिनं ती कुत्र्याला घातली.

मी तिला म्हणालो की मी पाहिलंय.

"मग आता काय," ती म्हणाली, "सांगणार आहेस?"

मी म्हणालो की माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मागच्या वर्षी लांडगे आले होते तेव्हाही कोणी ठेवला नव्हता.

"त्या माणसाला मी मारलं," ती म्हणाली.

तिनं हात धुतले, बराच वेळ, मग पुन्हा धुतले. दुसऱ्यांदा साचा तयार झाला तेव्हा ती पुन्हा भरला बुधला घेऊन आत गेली. या वेळी मी फटीपाशी बसलो ते दुसरं कोणी बसू नये म्हणून.

दुसऱ्या खेपेला काकानं आणखी भक्तिभावानं ओतलं. धार एवढी बारीक होती की पूर्वजांची नावं संपली आणि त्याला त्यांचे घोडे घ्यावे लागले. साचा या वेळी फुटला नाही, त्यानं वरच्या तोंडातून सोनं परत थुंकलं. भाता मारणारा कैदी छाती धरून पडला तो उठला नाही. काकाचा उजवा डोळा गेला. त्या खळग्यात सोन्याचा एक थेंब बसला, तो काढायला गेलं की तो ओरडायचा, म्हणून तसाच ठेवला. पुढे त्याच्याशी बोलताना त्या थेंबाकडे बघायचं की उरलेल्या डोळ्याकडे, हे कोणालाच कळायचं नाही.

त्या रागात धाकटा फानही विहिरीत जायचा, पण आसपास दुसरा ओतारी नव्हता. काका पडून राहिला. आम्हाला वाटलं, झालं, आकाशानं दोनदा नाही म्हटलं. काकूनं त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोटभर खाल्लं. नवऱ्याच्या डोळ्याला ती लोण्याची पट्टी बांधत होती आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती.

पण दू संपला नव्हता. त्यानं काकाच्या उशाशी बसून असा अर्थ लावला की आकाशानं मोहुबाला नाही म्हटलंय, महाहुरोला नाही. शिवाय आता एकाक्ष माणूस सम्राट होऊ शकत नाही, तेव्हा तो प्रश्नच मिटला. मोहुबाच्या रक्ताचा दुसरा कोणी पुरुष बघा. त्याला सिंहासनावर बसवा, मागून हलवा.

काकाच्या रक्ताचा दुसरा पुरुष तंबूच्या दारात शिंगरू धरून उभा होता.

"हा?" काका म्हणाला. उरलेल्या डोळ्यानं त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "याला पाठवलं पाण्याला तर हा वाट विचारत परत येतो."

दू म्हणाला की त्यानं याहून वाईट सम्राट पाहिलेत, दोघांची तर चाकरी केलीय.

"काय रे," काका मला म्हणाला, "ओतशील?"

मी म्हणालो की काका, माझी वेणी बघा. हे मी रोज करतो आणि हे असं होतं.

"ओतशील," काका म्हणाला. या वेळी तो विचारत नव्हता.

आता सगळं काकूच्या बुधल्यावर होतं असं आम्हाला वाटलं. पण दूनं रीत नीट विचारून घेतली होती. घरची बाई म्हणजे ज्याचा पुतळा त्याची आई किंवा बायको. मला आई नाही, बायको नाही. म्हणजे या वेळी चुलीला दूध नाही, तंबूत कोणी जाणार नाही, दारावर पहारा. आईचं नसणं याआधी कधी माझ्या एवढं अंगावर आलं नव्हतं.

ओतायच्या दिवशी सकाळी काकू माझ्याकडे आली. म्हणाली, बस, आणि माझी वेणी सोडून नव्यानं घातली. भुवया वर गेल्या.

"शिबेन," ती म्हणाली, "माझा हात आज तिथे पोचत नाही."

"माझा पोचतो."

"तुला जमेल?"

"काकू," मी म्हणालो, "काही बिघडवायचं असेल तर टोळीत माझ्याइतका भरवशाचा माणूस नाही. आठव. तंबूचा खांब उभा करायला दिला होतास तेव्हा काय झालं?"

"पडला."

"कोणावर?"

"भगतावर," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग तिनं माझ्या वेणीचं टोक मुठीत धरलं आणि सोडलंच नाही, इतका वेळ, की मलाच हळूच ओढून घ्यावी लागली.

माझा बेत सोपा होता. काकाला ओतताना मी दोनदा पाहिलं होतं. बारीक धार, संथ हात, आदर, नावं. म्हणजे बरोबर ओतणं ते असं. मग चुकीचं ओतणं म्हणजे याच्या नेमकं उलट. सगळी टोळी गोल करून उभी होती. धाकट्या फाननं मूस माझ्या चिमट्यात दिली. त्याला सांगण्यात आलं होतं की या खेपेला विहीर नक्की. मी आकाशाकडे बघितलं नाही, एकही नाव घेतलं नाही, आणि अख्खी मूस साच्याच्या तोंडावर एकदम उपडी केली, घाण पाण्याची बादली दारातून फेकावी तशी.

आवाज आला नाही. फस्स नाही, काही नाही. गडप.

मागे कोणीतरी म्हणालं, गेलं. मीही तेच म्हटलं, मनात, आनंदानं. काकू समोर उभी होती. मी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला.

साचा निवल्यावर काकानं स्वतः हातोडा घेतला. माती पडली आणि आत मी होतो. अखंड. नाक, कान, बोटं. पट्ट्याचा आकडा. काकूनं सकाळी घातलेली वेणी मेणात नव्हती, आधीची माझी होती, तीसुद्धा जशी होती तशी, निसटलेल्या बटांसकट. आयुष्यात मी पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण केलं होतं.

लोक गुडघ्यांवर बसले. धाकटा फान रडत होता. तो माझ्या बुटाला कपाळ लावून सांगायला लागला की ओतायचं असंच असतं मालक, एका दमात, धार तुटली की सोनं वाटेतच गोठतं. भाऊ थोरल्या मालकांना हेच सांगत होता, त्यांनी ऐकलं नाही.

काकू हे ऐकत होती. दूध घातलं नसतं तरी काकाचे दोन्ही पुतळे मोडलेच असते. थोरला फान विहिरीत गेलाच असता, तिनं काही न करता. हे तिच्या चेहऱ्यावर सावकाश चढलं. मग तिनं वेशीकडे पाहिलं. तिथे दूत आधीपासूनच घोड्याला खोगीर घालून उभा होता. काकानं हात वर केला आणि तो पूर्वेला निघाला.

मला सात माणसांनी काळ्या लोकरी नमद्यावर उभं केलं, नमदा उचलला, आणि पश्चिमेला तोंड करून आकाशाला दाखवला. वर उभं राहणं अवघड असतं, नमदा मध्ये खचतो. मी म्हणालो, पहिला हुकूम, दूताला परत बोलवा. दू खालून नम्रपणे म्हणाला की हुकुमाला मोहोर लागते आणि मोहोर अजून कोरायची आहे. मी उडी मारून घोड्याकडे पळालो. घोड्यावर चढलो, दुसऱ्या बाजूनं उतरलो, डोक्यावर. सातही जणांनी मला अत्यंत आदरानं उचलून परत नमद्यावर ठेवलं.

मेजवानी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. एक गोष्ट चांगली होती. रीतीप्रमाणे पुतळा पहिला पंधरवडा सम्राटाच्या अंगालगत राहतो, नमद्यात गुंडाळून, आणि तो उघडून बघायची कोणालाही मुभा नसते. सगळे पिऊन पडल्यावर मी तो काखेत घेऊन ओताऱ्याच्या छपरीत गेलो. काकूला खूण केली होती, ती मागून आली.

धाकट्या फानला मी म्हणालो, याचं डोकं उडव.

तो मागे सरकत भिंतीला टेकला. म्हणाला, मालक, या डोक्यामुळे माझं आहे.

"हा हुकूम आहे," मी म्हणालो. "मोहोर नाही, पण मी स्वतः आलोय."

त्या राजवटीत पाळला गेलेला माझा हा एकच हुकूम. सोनं मऊ असतं. छिन्नी ठेवली, एक घाव घातला, आणि माझं डोकं टुणकन उडून कोळशात पडलं. काकूला मी धड दिलं. सांगितलं, दूताच्या मागोमाग जा. म्हण, दूत खोटं बोलतोय, पुतळा बिघडला, हा बघा, आकाशानं नकार दिला, कोणी सम्राट नाही, मांडलिक होते तसेच मांडलिक आहेत. पोराला मारायचं कारण उरत नाही.

"आणि तू?" तिनं विचारलं.

"मी सम्राट आहे," मी म्हणालो. "मला काय होतंय."

काकू आमच्यातली सगळ्यात चांगली स्वार होती. दोन घोडे घेऊन ती मागच्या वेशीनं गेली. डोकं मी बुटात घातलं, आणि नमद्यात मेंढीचं हाड गुंडाळून काखेत धरलं.

मग मी राज्य केलं. फारसं काही नसतं त्यात. सकाळी उठायचं, हाड काखेत घ्यायचं, लोक वाकतात. काका मागे बसून बोलायचा आणि मी ओठ हलवायचे. कधीकधी आमचं जुळत नसे. त्यानं माझ्या तोंडून शेजारच्या दोन टोळ्यांना खंडणी मागितली. एकीनं कुत्रा पाठवला. दूनं त्याची नोंद भेट अशी करायला लावली. काकू कुठे गेली असं काकानं एकदाच विचारलं. मी म्हणालो, माहेरी. तो म्हणाला, बरं, आणि थेंबाच्या बाजूचा गाल खाजवला. मला त्या माणसाची दया यायची, आणि मग विहिरीवर पाणी भरायला कोणी जात नाही हे आठवायचं.

काकू परतली तेव्हा तिच्यापुढे घोड्यावर एक मुलगा बसला होता. मी तटावरून पाहिलं आणि ओरडायला तोंड उघडलं. मग मला तिच्यामागे क्षितिजावर धूळ दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पूर्वेच्या सम्राटाचं काय झालं ते काकूनं नंतर तुटक तुटक सांगितलं. त्यानं दूताचं म्हणणं आधी ऐकलं होतं आणि तो दोन दिवस अस्वस्थ होता. पुतळा अखंड निघालेल्या माणसाशी लढायला त्याच्या सरदारांचीही तयारी नव्हती. ओलीस मारायचा आणि गप्प बसायचं असं ठरत आलं होतं. मग काकू पोचली, आणि तिनं धड पुढे ठेवलं. सम्राटानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि खूप हसला. म्हणजे आकाश त्यांच्या बाजूला नाही. म्हणजे लढाई स्वस्तात पडेल. आणि ज्या टोळीत उद्या कोणी राहणार नाही तिचा ओलीस कशाला पोसायचा. घेऊन जा, म्हणाला, फार खातो. तिला वाटेत ताजे घोडेही दिले, म्हणजे तिच्या मागोमाग वाट सापडेल.

ती पोचली आणि तिच्या घोड्याचं खोगीर उतरायच्या आत ते पोचले. वेस आतून लावायची राहिली होती, कारण काकू नुकतीच आत आली होती.

त्याबद्दल मी जास्त सांगत नाही. पाचशे तंबूंपैकी किती उभे राहिले ते मोजायला कोणाला वेळ नव्हता. धाकटा फान छपरीत मारला गेला. भट्टी पेटलेली पाहून सैनिकांना वाटलं की हत्यारं करतोय. तो माझी मोहोर करत होता. दूला मात्र कोणी हात लावला नाही. तो वेशीत उभा राहून पूर्वेच्या सेनापतीला सांगत होता की त्याला चार राजांचा अनुभव आहे.

सेनापतीनं मैदानात विचारलं, सम्राट कोण. काकानं ताठ मान करून माझ्याकडे बोट दाखवलं. शेवटपर्यंत त्याचा विश्वास होता, हे त्याला द्यायला हवं. सेनापतीनं मला पाहिलं, माझी वेणी पाहिली.

"हा?" तो म्हणाला.

मी बूट काढला आणि त्याच्या हातावर माझं डोकं ठेवलं. त्यानं धड पूर्वेला आधीच पाहिलं होतं. तुटकी कड बोटानं चाचपून बघितली आणि मान हलवली. मोडक्या पुतळ्याचा सम्राट म्हणजे सम्राट नव्हेच. सम्राट नसेल तर हे राज्य नव्हतं, नुसतं बंड होतं. आणि बंड नायक करतो, त्याच्या दारातला गडी नाही. काकाला गुडघ्यावर बसवलं तेव्हा त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या काखेतल्या नमद्याकडे. नमदा सुटला होता. आतून हाड दिसत होतं. त्याला सगळं कळलं असावं. त्याला तेवढाच वेळ मिळाला.

सेनापतीनं सोन्याचा तो थेंबही काढून घेतला.

आता आम्ही उरलेले पूर्वेला असतो आणि त्यांच्या सम्राटाच्या घोड्यांचं दूध काढतो. मी शिंगरू धरतो. काकूनं फौज मागे लावून आणली असं कोणी तोंडावर म्हणत नाही. म्हणायला उरलेत किती.

येगान वाचला. मला हे मधूनमधून मोठ्यानं म्हणायला लागतं. पूर्वेकडे मुलांचे केस मुळापासून काढतात, त्यामुळे काकूनं त्याला परत आणलं त्या दिवशी त्याचं डोकं गुळगुळीत होतं. आमची भाषा त्याला थोडीच येते. काकूला तो बाई म्हणतो. परवा त्यानं मला विचारलं की ही बाई मला परत राजवाड्यात कधी सोडणार, तिथे माझी खोली होती, खिडकी होती, आणि रात्री मासे मिळायचे. मी म्हणालो, मासे इथेही मिळतील. इथे नदी नाही. त्यानं तसं दाखवून दिलं नाही. चांगल्या घरात वाढलेला आहे.

काकू मनगटाला तांबड्या लोकरीचा धागा बांधून हिंडते. दूध काढायला जायच्या आधी ती रोज येगानच्या डोक्यावरून बोटं फिरवते, तो मान आखडून उभा राहतो, पण उभा राहतो. काल ती म्हणाली, केस चिमटीत येतायत. मी विचारलं, धागा धरेल एवढे?

"नाही अजून," ती म्हणाली, आणि बादली उचलली. "शिंगरू धर."